कशावरून मॅडम

इचोड्याच्या बस स्टँडसमोर ट्रकवाल्यांची हॉटेलं आहेत. तिथं चहा मागवून पद्मावार मॅडम कधी बाकावर बसल्या नाहीत. भट्टीजवळ जाऊन उभ्या राहत. चहा खदखदून वर आला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की मग म्हणत, "हं, आता ओता."

हॉटेलवाला चिडे. "बाई, उकळलेलाच हाये चहा."

"कशावरून?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही असा माणूस आमच्या तालुक्यात सापडणं कठीण. गाडी निर्मलला थांबते म्हणणाऱ्या कंडक्टरला त्यांनी तो विचारला. पोट दुखतं म्हणून सुट्टी मागणाऱ्या पोराला विचारला. पुढच्या महिन्यात ग्रँट येणारच म्हणणाऱ्या प्रिन्सिपॉलसाहेबांना तर दर महिन्याला विचारला. आवाज चढवून नव्हे. डोकं जरा तिरपं करून, चष्म्याच्या वरून बघत, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा. आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त पोरं तेलुगू बोलणारी. त्यांनासुद्धा मराठीतला हा एक शब्द पाठ झाला होता. पोरं त्यांना 'कशावरून मॅडम' म्हणत. एकदा कुणीतरी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. मॅडमनी पुसलं नाही. पुढं एक प्रश्नचिन्ह तेवढं काढलं, आणि उरलेल्या जागेत शिकवायला सुरुवात केली.

मी त्यांच्या हाताखाली लॅब असिस्टंट होतो. नोकरी टेम्पररी, दर वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांची मर्जी राहिली तर पुढं चालणारी. ऐंशीच्या सालांच्या मधली गोष्ट. आमचं गाव नेरडीगोंड्यापासून आत, कापूस-जवारीचं. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखं बरंच आहे. माझं सर्टिफिकेट बाबांनी नेरडीगोंड्याच्या बाजारात ओळखीच्या चार जणांना दाखवलं आणि मगच माझ्या हातात दिलं. बाबांना स्वतःला सही येत नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला टेबलापुढं उभं केलं.

"बोंडे ना? बी.एस्सी. झालात?"

"हो मॅडम."

"कशावरून?"

मी सर्टिफिकेट पुढं केलं. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "हा कागद झाला. ती परीक्षानळी धुऊन आणा."

मी चकचकीत धुऊन आणली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब थेंब चिकटले होते. "काच स्वच्छ असती तर पाणी सलग पसरलं असतं. थेंब होतात म्हणजे आत तेलकट काहीतरी आहे. परत." त्या दिवशी मी तीच नळी इतक्यांदा धुतली की मला माझ्या डिग्रीचाच संशय यायला लागला. संध्याकाळी पाणी एकदाचं सलग पसरलं. शाबासकी नाही. "उद्यापासून या," एवढंच.

मॅडम मूळच्या मुधोळच्या. वडिलांचं भांड्यांचं दुकान. तांब्या-पितळेच्या चवडींत त्यांचं बालपण गेलं. गिऱ्हाईक आलं की वडील तांब्याची घागर बोटानं वाजवून सांगत, "यातलं पाणी पिणाऱ्याच्या पोटात जंतू शिरत नाही." लहानपणी एकदा गिऱ्हाइकासमोरच यांनी विचारलं, "कशावरून, अण्णा?" अण्णांनी एक ठेवून दिली. गिऱ्हाईक घागर न घेता गेलं. "तेव्हापासून हाच एक प्रश्न चाललाय," असं त्या सांगत, आणि क्वचित हसत.

तांब्यानं जंतू मरतात हे खरं. पण सगळे मरत नाहीत. जे मरत नाहीत ते का मरत नाहीत, यावर त्यांची पीएच.डी. चालली होती. गाईड हैदराबादला, प्रयोगाचा निम्मा भाग सुट्टीत तिकडं, आणि माती इकडची.

मला समजावं म्हणून त्यांनी एकदा सांगितलं होतं ते असं. जंतूच्या अंगात एन्झाइमं असतात, कामकरी. एकेकाचं काम ठरलेलं. आता जमिनीत तांबं मुरायला लागलं, तर तांब्याशी झुंजणारा कामकरी आभाळातून पडत नाही. जुनाच कुणीतरी, पालापाचोळ्याच्या कामाचा, पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा बदलत जातो आणि तांब्याच्या कामाला लागतो. तुमच्या गावचा लोहार जुन्या विळ्याचं खुरपं करून देतो की नाही? तसं. विळा कुठला, खुरपं कुठलं, आणि ठोकाठोकी कुठल्या भट्टीवर झाली, हे मला दाखवायचंय.

"होईल मॅडम," मी म्हणालो.

"कशावरून?"

ती भट्टी त्यांना इचोड्याला सापडली होती. बाजाराच्या मागं नरसय्या तांबटाचं घर. बापजाद्यांपासून तांब्याची भांडी ठोकणं, फुटक्यांना डाग लावणं. भांडी तेजाबाच्या पाण्यातून काढायची आणि ते हिरवंनिळं पाणी मागच्या नालीत ओतायचं, हा रोजचा धंदा. त्या नालीतली माती मॅडमना हवी होती. मोरचूद, म्हणजे तांब्याचंच निळं मीठ, घातलेल्या काचेच्या बशांत बाकीच्या मातीतले जंतू मरत. या नालीतले वाढत, आणि नुसते वाढत नसत, तांबं अंगावर घेऊन निळे होत. बशीत निळे ठिपके. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

नरसय्याच्याही अंगावर आला होता, पण वेगळ्या कारणानं. बाई नालीत वाकून चमच्यानं गाळ घेतेय, बाटलीत भरतेय, बुचावर लाख ओतून त्यावर अंगठा दाबतेय, हे बघून तो घरात जाऊन दार लावून बसला. मी दार वाजवलं.

"नरसय्या, बाहेर ये ना."

"पयले सांग, बाई सेल्स टॅक्सची हाये का?"

"नाही रे, कॉलेजातली मॅडम आहे."

"मंग सील काऊन करून राह्यली? सील तं टॅक्सवाले करतात."

मॅडमनी बाहेरून सांगितलं, "मला तुझ्या धंद्याशी काही घेणं नाही. तुझी नाली हवीय."

दार बोटभर उघडलं. मग, "नाली नेऊन थे काय करनार?"

तो पुढं रुळला, पण दर खेपेला मॅडम गेल्यावर नालीत वाकून काय कमी झालंय ते बघायचा. मला मॅडम म्हणाल्या, "बरोबर करतो. मीही तेच केलं असतं."

लाखेचं मात्र खरंच होतं. मातीची बाटली हातून दुसऱ्याच्या हातात जाणार असली, मग तो दुसरा मी का असेना, तर लाख ओतून त्यावर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उठवल्याशिवाय त्या देत नसत. कपाटाला दोन कुलपं. कुलपाच्या कडीत एक केस अडकवलेला. सकाळी आधी केस बघायचा, मग कुलूप उघडायचं. मला हे सगळं डाचायचं. कपाटाजवळ जाणारा माणूस त्या लॅबमध्ये दुसरा कोण होता?

तर नालीतल्या जंतूंनी हा गुण तिथंच कमावला, हे दाखवायचं तर जवळपासचीच, तशीच काळी, पण तांबं न शिवलेली माती हवी. तिच्यातले जंतू मोरचुदानं मेले पाहिजेत. मॅडमनी मला विचारलं, मी आमचं गाव सांगितलं. शेतातली माती नको, तिथं तांब्याच्या औषधाची फवारणी असते. त्यांनी जागा निवडली ती मारुतीच्या देवळामागची, चिंचेखालची. जवळ आड, बाकी पडीक. पारावर बसलेल्या सगळ्यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं: इथं कधी फवारा पडला का? भट्टी होती का? तांब्याचं काही? सरपंच नाही म्हणाले, पाटील नाही म्हणाले, बाबा नाही म्हणाले, मीही नाही म्हणालो. पावसाळ्याचे दिवस होते. मॅडम चमचा घेऊन बसल्या.

बाबांनी मला बाजूला घेतलं. "देवराव, हे बाई काऊन खणून राह्यली?"

"अभ्यासासाठी, बाबा."

"मातीचा काय अभ्यास? थे काय नवी हाये?" मग आवाज खाली आणून, "मारुतीमागं धन हाये म्हंतेत लोक. बाईच्या हातातला चमचा पाह्यला का तुनं? चांदीचा हाये."

"स्टीलचा आहे, बाबा."

"तुले काय समजते."

चमचा चांदीचा असल्याची बातमी नेरडीगोंड्याला आमच्या आधी पोचली असावी, कारण तासाभरात महसूल खात्याचे गिरदावरसाहेब सायकलवर हजर. जुन्या वळणाचा माणूस, दफ्तरी बोली निजामाच्या वेळची.

"मोहतरमा, ये खुदाई किसके हुक्म से हो रही है?"

मॅडमनी चमचा वर केला. "इससे खुदाई होती है?"

"देखिए, हम गिरदावर हैं। पंचनामा करना पड़ेगा।"

"आप गिरदावर हैं, ये मैं किस बात से मानूं?"

साहेबांनी खिसे चाचपले. वरचा, आतला, पँटचा. ओळखपत्र काही निघालं नाही. पारावर हशा पिकला, आणि तिथून अर्धं गाव मॅडमच्या बाजूला झालं. पंचनामा मात्र झाला: मारुतीच्या मागे, बाटलीभर माती, धन आढळलं नाही. पंच म्हणून बाबांनी अंगठा उठवला. शाईनं काळा झालेला अंगठा धोतराला पुसताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि नजर वळवली. आमच्या घरातला अंगठ्याचा जमाना माझ्यापाशी संपला, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. मॅडम शेजारीच बाटलीच्या लाखेवर अंगठा दाबत होत्या. तिकडं माझं लक्ष नव्हतं.

त्या मातीच्या बशा मी भरल्या. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर आत निळे ठिपके. नालीच्या बशीत होते तसेच.

मॅडमनी बशी उजेडात धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं होतं ओरडतील. त्या म्हणाल्या, "परत भरा." परत भरल्या. परत निळे. मग त्यांनी स्वतः भरल्या, मला बाहेर काढून. निळेच.

सुट्टीत त्या हैदराबादला जाऊन आल्या. गाईडनी सांगितलं होतं ते त्यांनी जसंच्या तसं मला ऐकवलं. बाटल्यांची अदलाबदल झालेली आहे. एकदा झाली तर याआधीही झाली नसेल कशावरून? म्हणजे नालीवरचं इतक्या वर्षांचं कामही संशयात. रजिस्ट्रेशनची मुदत जूनअखेर संपते. तोवर खुलासा नाही झाला तर प्रबंध नाही. मुधोळला भावांनी तर आधीच सांगून टाकलं होतं: नाल्या चिवडणं पुरे झालं, घरी ये.

हे सांगताना मॅडम माझ्याकडं बघत होत्या. डोकं तिरपं, नजर चष्म्याच्या वरून.

त्या आठवड्यात त्यांनी मला दोन बाटल्या दिल्या. एकीवर नालीची खूण, दुसरीवर आमच्या गावाची. "दोन्ही पसरा. यावेळी मोरचूद जास्त घालू. गावची माती तेवढं सोसणार नाही बहुतेक." मी पसरल्या. दोन्हीत सारखंच उगवलं. मला धडकी भरली. पण जे दिसलं ते सांगितलं: फरक नाही, मॅडम.

"नसणारच. दोन्हीत एकच माती होती. नालीची."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही मनानं निकाल सांगणारे असता बोंडे, तर मी सांगितलं तसा फरक मला दाखवला असता."

माझं टाळकं सरकलं. आमच्या घरात पाटी-पेन्सिल माझ्यापासून सुरू झाली. मला अडाणी म्हणा, खेडवळ म्हणा, मी ऐकून घेईन. पण शिकून खोटं दाखवतो, असं? मी बोललोच, "मॅडम, पटत नसेल तर प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगा, मी उद्यापासून येत नाही. पण ही काय पद्धत झाली? जनावर विकत घेताना दात बघतात तसं?"

"बसा."

"नाही बसत."

"बरं, उभे राहा. गाईड म्हणतात तुमच्या असिस्टंटनं घोळ केला. माझा तुमच्यावर विश्वास आहे असं मी त्यांना सांगितलं असतं, तर तुम्ही सुटला असता का? आता सांगता येईल. शंका घेतली नसती तर तुमची सुटका कशी झाली असती?"

  माझा राग अजूनही पुरता गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी लॅबला गेलो, एवढं खरं. कपाटाच्या कडीत केस होताच.

"आता तुम्ही नाही, बाटल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मग ती माती खोटं बोलतेय. तिला जाऊन विचारू."

पण जाणं लांबलं. परीक्षा आल्या, कॉलेजची कामं आली. गेलो ते एकदम उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत. गावात त्या दिवशी लग्न होतं. देवळाच्या मागून खणखण आवाज येत होता. आम्ही वळसा घालून गेलो, आणि मॅडम चालता चालता थांबल्या.

चिंचेखाली पाच-सहा बायका पदर खोचून बसलेल्या. त्यांच्यामध्ये गावाची भांडी. हंडे, गुंड, घंगाळं, माणूस बसेल एवढाली सगळी तांब्याची. ही भांडी कुणा एकाची नाहीत. गावानं कधीतरी वर्गणी करून घेतलेली, मारुतीच्या खोलीत ठेवलेली. ज्याच्या घरी लग्न त्यानं न्यायची, आणि लग्नाच्या आधी व नंतर बायकांनी घासून ठेवायची. राखेत कालवलेली चिंच, वरच्याच झाडाची. घासलं की भांडं लाल निघतं आणि हिरवट निळं पाणी खाली ओघळतं. आड जवळ, सावली गार, चिंच हाताशी. यापेक्षा सोयीची जागा कुठली?

त्या भांड्यांतला भात मी जन्मभर जेवलो. पारावरचे सगळे जेवले. ती कुठं घासतात हा प्रश्न आम्हा पुरुषांच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता. आणि मॅडम भांडेवाल्याची लेक असून त्यांनी विचारलं ते पारावर, पुरुषांना. आडावरच्या बायकांना कुणीच काही विचारलं नव्हतं.

माझी काकी वर बघून ओरडली, "अवो बाई, तिथं पाय नोका ठिऊ! चिंचीचं पानी हाये, घसरान!"

मॅडमनी पाय मागं घेतला. मग खाली उकिडव्या बसल्या. "ही भांडी इथंच घासता नेहमी?"

"मंग कुटं घासाव? घरी?" बायका हसल्या.

"केव्हापासून?"

"आता काय सांगाव. माही सासू इथंच घासे. तिची सासूबी इथंच घासे म्हने."

"कशावरून?"

काकी या बाईला ओळखत नव्हती. तिनं घंगाळ उलटं केलं. बुडावर खिळ्यानं ठोकलेलं एक नाव, अर्धं झिजलेलं. "हे घ्या. हा माह्या आजेसासऱ्याचा बाप. वर्गनी त्यानं जमोली होती." त्या आधी आणि नंतर मॅडमना या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर मिळालेलं मी पाहिलं नाही.

मॅडम त्या नावावरून बोट फिरवत बसल्या. मला वाटलं, झालं, सुटल्या. इथंही तांबं मुरतंय, नालीपेक्षाही जुनं, म्हणून इथलेही जंतू निळे. अदलाबदल नाही, लबाडी नाही. मी म्हणालोसुद्धा, "मॅडम, खुलासा झाला!"

त्यांनी बोट घंगाळाच्या एका डागावर ठेवलं. "हे जोडकाम कुणी केलं?"

"फुटलं की इचोड्याले नेतो ना आमी," काकी म्हणाली. "नरसय्याकडं. तो डाग लावून देते."

मॅडमचा चेहरा उतरला. मला कारण कळायला वेळ लागला. इथली भांडी, इथली माती बुडाला घेऊन, नरसय्याच्या दारी जात होती. तिथून परत येत होती. मग तो जंतू तिथला इथं आला की इथला तिथं गेला? नालीतच घडला, हे ज्याच्यावर सगळा प्रबंध उभा होता, ते आता सांगता येत नव्हतं.

गाईडनी साधा मार्ग सुचवला. गाव वगळून टाका. दुसरीकडची माती घ्या, आठवड्याचं काम, मी सही करतो. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "एमंडी मॅडम, एक चिंचेचं झाड वगळायला काय जातं?" मीही म्हणालो. मुदत संपत आली होती.

"मला माहीत आहे आणि मी लिहिलं नाही, हे उद्या कुणाला कळणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

"मला कळेल ना. मग माझ्याच बाकीच्या पानांवर मी विश्वास कशावरून ठेवू?"

त्यांनी प्रबंधात चिंच ठेवली. भांडी ठेवली. हा गुण कुठं जन्मला हे आज सांगता येत नाही, असं लिहिलं. सांगता येत नाही असा प्रबंध कोण घेतो? सही झाली नाही, मुदत गेली. मुधोळचे भाऊ येऊन त्यांना न्यायला बसले होते. त्या परीक्षानळ्या धूत होत्या. पुढं त्यांनी दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून नाव घातलं. दोन्ही जागच्या जंतूंची एन्झाइमं शेजारी शेजारी ठेवून ती एकाच जुन्या घराण्यातली आहेत, पण कधीचीच वेगळी झालेली आहेत, एवढं दाखवलं. कुठली आधीची, ते शेवटपर्यंत म्हटलं नाही. नावामागं डॉक्टर लागलं तेव्हा नव्वदची सालं निम्मी सरली होती आणि त्यांचे केस पांढरे झाले होते. पोरांनी हार आणला. त्यांनी हारातली फुलं हुंगून बघितली, ताजी आहेत का.

मी तोवर पर्मनंट झालो होतो. माझ्या शिफारशीच्या कागदावर त्यांनी एकच ओळ लिहिली होती: 'यांना मी तपासले आहे.'

त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. निवृत्त होऊन मुधोळला राहायला निघाल्या होत्या. जाता जाता आमच्या गावी उतरल्या. जेवायला बसल्या, भात वाढणाऱ्याच्या हातातल्या बादलीकडं पाहिलं, आणि पानावरून उठल्या. बादली स्टीलची होती. हंडे, पातेली, सगळं स्टीलचं, इचोड्याच्या मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेलं. गावाची तांब्याची भांडी मारुतीच्या खोलीत कुलपात पडली होती. कोण घासत बसतं आता?

मी मागं गेलो तर त्या चिंचेखाली उकिडव्या. हातात तोच चमचा.

काकी आडावर हात धूत होती. "अवो बाई, आता काऊन माती घेता? आता तं कोनी घासत नाई इथं."

"म्हणून तर," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "तांबं यायचं थांबलं, बोंडे. आता त्या एन्झाइमला काम नाही. जंतू ते सांभाळून ठेवतील, टाकून देतील, की परत जुन्या कामाला लावतील?"

"टाकतील, मॅडम," मी म्हणालो, आणि घाईनं, त्यांनी विचारायच्या आत, "माहीत नाही."

त्या हसल्या.

मी त्यांना मोटारसायकलवर नेरडीगोंड्याच्या फाट्यावर सोडलं. गाडी आली. चढता चढता त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. "लवकर पसरा. आणि मधून मधून बघत राहा. मला आता जमणार नाही." गाडी हलली, आणि माझं लक्ष बाटलीच्या तोंडाकडं गेलं. नुसतं बूच. लाख नव्हती.

"मॅडम! लाख!" मी ओरडलो.

त्यांनी खिडकीतून पाहिलं, डोकं तिरपं केलं, आणि हात हलवला. निरोपाचा होता की राहू द्या म्हणाल्या, कळलं नाही. गाडी वळणाआड गेली.

मी फाट्यावर उन्हात उभा राहून ती बाटली सगळ्या बाजूंनी बघितली. बुचाच्या फटीत केस अडकवलाय का, ते नखानं चाचपलं. बुडाखाली काही बारीक खूण आहे का, ते बघितलं. काही नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांनी त्यांनी मला बाटली उघडी दिली होती. की आत माती दुसरीच होती? काढताना मी सगळा वेळ कुठं बघत होतो?

आदिलाबादला जाताना इचोड्याला थांबलो. नरसय्या आता नाही, त्याचा मुलगा डाग लावण्याचं काम करतो. त्याच्याकडून लाखेचा तुकडा मागून घेतला, त्याच्याच भट्टीवर वितळवला, बुचावर ओतला.

"इथं सही कराची असन तं खिळा देऊ का?" त्यानं विचारलं.

सही मला येते. बी.एस्सी. आहे मी. पण लाख निवत आली होती. मी अंगठा दाबला. चटका बसला, तरी उचलला नाही. ठसा नीट उठेपर्यंत तसाच धरून ठेवला.